व इतर

— रिकामा नाही सोडायचा तो रकाना, ताई. बाकी फॉर्म तुम्ही अगदी नीट भरलात. अक्षर वळणदार आहे, पत्ता एका ओळीत बसवलात, फोन नंबरातले आकडे एकमेकांच्या अंगावर चढलेले नाहीत — असे फॉर्म महिन्यातून चार येतात. पण 'पसंतीचा उपक्रम' रिकामा. तिथं काहीतरी हवं. काय लिहू म्हणून मला विचारताय? आता पसंती तुमची, ती मी कशी सांगणार? हां, 'कोणताही' लिहा. चालतं की, न चालायला काय झालं. शंभरातले नव्वद तेच लिहितात. लोकांना सेवा करायची असते, कसली ते ठरवायचं नसतं. लिहा — को-ण-ता-ही. काना-मात्रा नीट द्या, सध्या माझा त्या शब्दावर फार जीव आहे. का ते सांगतो, बसा ना, घाई आहे का? शिक्क्याचं पॅड वाळलंय, आत्ताच शाई घातली, मुरायला वेळ लागेल. आणि शिक्क्याशिवाय पोच देता येत नाही. ते स्टूल ओढा. त्याचा डावा पाय आखूड आहे, जरा उजवीकडे कलून बसा — हं, अस्सं. खालचा 'कोणामार्फत आलात' हा रकाना राहू द्या. तो छापलाय म्हणून आहे. कोणी भरत नाही.

शहरात नवीन दिसता. दिसता म्हणजे पत्त्यावरून कळलं, मी उलटं वाचू शकतो. खिडकीच्या ह्या बाजूला एकतीस वर्षं बसलं की समोरच्याच्या हातातला कागद आपोआप वाचता येतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आता मी ह्याच खुर्चीवर स्वयंसेवक म्हणून बसतो. हसू नका — म्हणजे हसा, मीही हसतो. निरोप समारंभात साहेब म्हणाले, घरी बसून काय करणार, खिडकी सांभाळा. मी म्हटलं, हो साहेब. पगार गेला, खुर्ची राहिली. साहेब म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. शहरात सेवेची जेवढी कामं चालतात, ती सगळी मंडळामार्फत चालतात आणि मंडळ साहेबांमार्फत चालतं. येत्या रविवारी त्यांच्या अध्यक्षपदाला पंचवीस वर्षं होतायत. वरच्या मोठ्या सभागृहात सत्कार आहे, पाचशे पाहुणे, मानपत्र, गाणी, भाषणं. तुम्हाला माहीत नव्हतं? कसं असेल. पत्रक वाचलंत ना? काय दिसलं त्यात?

घ्या, पुन्हा बघा. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो आणि शुभसंदेश. आत आगामी उपक्रम, एकेकाला एकेक चौकट. तळ्याकाठची सफाई. शाळेच्या भिंती रंगवणं. भटक्या कुत्र्यांना लस — ह्यासाठी धावता येणारा माणूस हवा. दुरुस्ती मेळा, म्हणजे लोकांनी घरातले बंद पडलेले पंखे, इस्त्र्या, छत्र्या आणायच्या आणि जाणकारांनी तिथंच बसून नीट करून द्यायच्या. गेल्या खेपेला एक आजोबा जावयाला घेऊन आले होते, ह्याचं काही होतं का बघा म्हणाले. मग सगळ्यात मोठी चौकट, ठळक अक्षरात — 'वाचनतास, रविवारी सकाळी दहा, तळमजल्यावरची खोली.' आणि अगदी तळाशी, पानाच्या काठाला, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा अक्षरात — वाचा बरं. मोठ्यानं वाचा, मला ऐकायला आवडतं. 'तसेच कुंड्यांचे वाटप, सापडलेले चष्मे परत देणे व इतर.' वाचलंत? शेवटचे दोन शब्द पुन्हा. व इतर. त्या 'इतर'मध्ये कोण आहे, सांगू? साहेब आहेत. पंचवीस वर्षं, पाचशे पाहुणे, मानपत्र, सगळं त्या तीन अक्षरांत कोंबलंय मी. छान मावलं.

अहो, चोरून कशाला करीन? प्रूफ घेऊन गेलो होतो त्यांच्याकडे, रीतसर. त्यांनी पहिलं पान पाहिलं, फोटो जरा मोठा करा म्हणाले आणि सही केली. 'छापण्यास हरकत नाही.' ती सही माझ्या घरी कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. बारा हजार प्रती वाटल्या. पाहुण्यांची निमंत्रणं त्यांच्या जावयानं वेगळी पाठवलीत, त्यात मी पडलो नाही. पाहुणे येतील की. येऊ देत. पण खुर्च्या कोण मांडणार? पाचशे खुर्च्या भिंतीला रचून ठेवल्यात, दहा-दहाच्या चळती. माईक कोण जोडणार, गाड्या कोण लावून देणार, पाण्याच्या बाटल्या कोण फिरवणार? स्वयंसेवक. आणि स्वयंसेवक येतात कुठून? ह्या खिडकीतून. नियम सरळ आहे, मीच वीस वर्षांपूर्वी लिहिलाय — ज्यानं उपक्रमाचं नाव लिहिलं त्याला तिथं पाठवायचं, ज्यानं 'कोणताही' लिहिलं त्याला खिडकीवरचा माणूस जिथं गरज असेल तिथं पाठवील. खिडकीवरचा माणूस म्हणजे मी. गरज कुठं आहे, ते मला दिसतं. सत्काराचं नाव लिहायचं तर ते आधी वाचायला हवं ना? आजवर सत्कारासाठी किती फॉर्म आले असतील? अंदाज करा. नाही, त्याहून कमी. त्याहूनही कमी.

थांबा, एक मिनिट, फोन. — हॅलो. हो साहेब. हो, मीच. हो साहेब, नोंदणी जोरात चालू आहे. यादी? बारापर्यंत मिळेल साहेब. हो, हो. ठेवतो. — बघितलंत? त्यांना रविवारच्या माणसांची यादी हवीय, आज बारापर्यंत. देणार आहे मी यादी. कोरा कागद, वर तारीख, खाली शिक्का. म्हणूनच पॅडमध्ये शाई घातली, शिक्का ठसठशीत उठायला हवा.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला एवढा राग कशाचा? म्हणत नाही तुम्ही, पण तुमच्या भुवया म्हणतायत. तो वाचनतास दिसला ना, सगळ्यात मोठी चौकट? तो आमच्या हिचा. चौदा वर्षं चालवला तिनं, त्याच तळमजल्यावरच्या खोलीत, दर बुधवारी अकरा ते साडेबारा. ज्यांना दिसत नाही किंवा दिसेनासं झालंय, त्यांना वाचून दाखवायचं. सुरुवात कशी झाली — हिला मनातल्या मनात वाचताच यायचं नाही. लग्न झाल्यापासून बघतोय, डोळ्यांपुढे अक्षर आलं की तोंडातून बाहेर. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, माझ्या हातातल्या वर्तमानपत्राची मागची बाजू. मी चिडायचो. मी शांतपणे वाचणारा माणूस, घरात दोन कपाटं पुस्तकं माझीच. एकदा वैतागून म्हटलं, एवढं मोठ्यानं वाचायची हौस आहे तर ज्यांना दिसत नाही त्यांना तरी वाचून दाखव. मी टोमणा मारला होता. तिनं तो पत्ता समजून घेतला आणि पुढच्या बुधवारी खोली मागायला ह्याच खिडकीवर आली. मीच तिला फॉर्म दिला. 'पसंतीचा उपक्रम' ह्या रकान्यात तिनं लिहिलं — वाचणे. असा उपक्रमच नव्हता तेव्हा. मी म्हटलं, असं चालत नाही. ती म्हणाली, मग चालू करा.

नऊजण येतात ऐकायला. आधी तीन होते, मग नऊ. एक शिंपीकाका आहेत, त्यांना रोज लांबच्या शहरांचं तापमान ऐकायचं असतं — तिथं त्यांचं कोणी राहत नाही, पण कुठं थंडी पडलीय हे कळलं की त्यांना बरं वाटतं. सगळ्या शहराचे कोट डोळ्यांपुढे येतात म्हणे. एक पोस्टमास्तर, ते व्याकरण तपासतात. एक म्हातारी नर्स आहे, ती वाचन सुरू झालं की झोपते आणि थांबलं की जागी होते, म्हणते, का थांबलात, मी ऐकतेय. ही सगळं वाचायची. कादंबऱ्या, हरवले-सापडलेच्या जाहिराती, निधनवार्ता. एखाद्या पुस्तकाचा शेवट फारच रडका असला तर बदलून वाचायची. शिंपीकाकांनी एकदा पकडलं, त्यांनी डोळे असताना ते पुस्तक वाचलं होतं. म्हणाले, बाई, हा मेला होता. ही म्हणाली, नवीन आवृत्तीत वाचलाय.

चौदा वर्षांत किती बुधवार चुकले? तीन. तिची आई गेली तेव्हा एक, मुलीच्या बाळंतपणात दोन. अंथरुणाला खिळली त्यानंतर तर एकही नाही. फोनवरून वाचायची. तिकडे तिच्या रिकाम्या खुर्चीत फोन ठेवायचे स्पीकर लावून, इकडे ही उशीला टेकून. धाप लागायची, मधेच थांबायची. पोस्टमास्तर तिकडून म्हणाले, आज स्वल्पविराम फार झालेत. ही हसली आणि मग खोकत बसली. फोन मी धरला होता, म्हणून मला माहीत.

आणि साहेब? येतोय ना साहेबांवर. साहेब त्या खोलीत चौदा वर्षांत एकदा आले. त्यांचा जावईही एकदाच आला, कॅमेरा घेऊन. नऊ आंधळ्या माणसांना ओळीत उभं केलं आणि म्हणाला, सगळ्यांनी इकडे बघा. नर्सनं विचारलं, इकडे म्हणजे कुठे? तो फोटो पुढे साहेबांच्या मुलाखतीबरोबर छापून आला — 'मी सुरू केलेला वाचनतास.' हिनं तेही वाचलं मोठ्यानं आणि घडी घालून ठेवलं. बोलायचं काम भाषणात साहेब करतात. तुम्ही कधी ऐकलं नाही त्यांना? आभारप्रदर्शन ऐकण्यासारखं असतं. डोळे मिटतात, हात छातीवर आणि म्हणतात, 'ह्या माझ्या सहकाऱ्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही. त्यांच्या ऋणात राहायलाच मला आवडेल.' टाळ्या. पंचवीस वर्षं राहतायत ऋणात, अगदी ऐसपैस. ज्याला एकदाही नाव घ्यायचं नसतं त्यानं हे वाक्य पाठ करून ठेवावं, फार सोयीचं आहे.

पण ते बोलणं झालं, हवेत विरून जातं. मी कागदाचा माणूस. दीड वर्षापूर्वी मंडळानं 'कृतज्ञता विशेष' काढला, एक पान, दोन्ही बाजू, मजकूर ऑफिसातच टाइप केलेला. मागच्या बाजूला साहेबांचं मनोगत. पुढच्या बाजूला सगळ्या स्वयंसेवकांची नावं द्यायची ठरली होती, चौऱ्याऐंशी नावं, मीच गोळा केली. मग साहेबांचा फोटो मध्ये आला, अर्धं पान. म्हणाले, उरलेल्या जागेत बसवा. आता अर्ध्या पानात चौऱ्याऐंशी नावं कशी बसणार? मी म्हटलं — म्हणजे ऑफिसात ठरलं — की बारा नावं द्यायची. बारा कोणती? उपाध्यक्ष, खजिनदार, साहेबांचा मेव्हणा, कॅमेरावाला जावई — एका फोटोबद्दल तो चौथा — असे बारा. आणि बाराव्या नावापुढे स्वल्पविरामसुद्धा नाही. 'व इतर.'

ती प्रत मी घरी नेली. का नेली, मलाही कळत नाही. तिच्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवली आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेलो. आणि आतून ऐकू आलं, ती वाचतेय. मोठ्यानंच, दुसरं काय. पहिलं नाव, दुसरं नाव. प्रत्येक नावानंतर थांबत होती, धाप होती म्हणून असेल. मी स्वयंपाकघरात पेला हातात घेऊन उभा. दहावं. अकरावं. बारावं. मग 'व इतर.' मी बाहेर आलो, तर तिनं चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "अहो, ह्यात मी कुठली? 'व' की 'इतर'?" चेष्टेतच विचारलं, तिचा स्वभावच तसा. मी म्हटलं, पुढच्या वर्षी टाकू. ती म्हणाली, बरं. तीन आठवड्यांनी गेली.

तर तो राग आहे, ताई. त्यानंतर मी फक्त वाट बघत होतो. भांडण नाही, तक्रार नाही, निनावी पत्र नाही — ते सगळं कच्च्या लोकांचं काम. मी रोज येऊन बसत होतो, हो साहेब म्हणत होतो आणि ह्या रविवारची वाट बघत होतो. केसानं गळा कापायचा तर केस सरळ असावा लागतो. माझ्या कामात एकही चूक सापडणार नाही कोणाला. एकेचाळीस 'कोणताही' जमलेत रविवारचे, तुम्ही बेचाळिसाव्या. पंधरा-वीस तळ्यावर, शाळेत पाठवता आले असते. मी एकूणएक वाचनतासाला टाकले. वर सभागृहात साहेब माईकजवळ एकटे उभे, समोर भिंतीला रचलेल्या पाचशे खुर्च्या, उंबऱ्यात पाचशे पाहुणे ताटकळतायत. आणि बरोबर त्यांच्या पायाखाली, तळमजल्यावर, एकेचाळीस माणसं पुस्तकं घेऊन बसलीत. आवाज वर जातो त्या खोलीतला, जिन्यातून थेट. मी जाऊन पाहिलंय, वर उभा राहून, मुद्दाम.

काय? ऐकणारे किती? नऊ. सांगितलं की मघाशी. ऐकणारे नऊ आणि वाचणारे एकेचाळीस, बरोबर. हिशेब मलाही येतो हो. शिंपीकाकाही तेच बोलले. ही गेल्यापासून त्या खोलीला कुलूप आहे, पण ते नऊजण अजून येतात दर बुधवारी. इथं, ह्या तुमच्या मागच्या बाकावर बसतात, अकरा ते साडेबारा. काही मागत नाहीत, काही विचारत नाहीत. मी शिक्के मारतो, ते ऐकतात. पोस्टमास्तर तर मोजतात. त्या दिवशी जाताना म्हणाले, आज चौसष्ट. त्या नऊजणांना मी गेल्या आठवड्यात सांगितलं, वाचनतास पुन्हा सुरू होतोय, रविवारी, एकेचाळीस माणसं आहेत वाचायला. वाटलं, खूश होतील. शिंपीकाका मग म्हणाले, "रविवार कशाला? तिचा वार बुधवार. आणि एकेचाळीस कशाला, एक पुरत होती." मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, ऑफिसची अडचण असते.

किल्ली? किल्ली माझ्याकडेच आहे. ही काय, ड्रॉवरमध्ये, रबरबँडच्या डबीत. मी का नाही उघडत? अहो, मी उघडून काय करू, मला मोठ्यानं वाचता येत नाही. म्हणजे येतं. पण मला — हे बघा, खिडकी सोडून जायचं कसं? बुधवारी गर्दी असते इथं. नसते म्हणा. पण असू शकते. तुम्ही फार प्रश्न विचारता, ताई. हिनं दिला असता तुम्हाला जबाब. थांबा, पुन्हा फोन.

— हॅलो. हो साहेब. हो, यादी — तेच सांगणार होतो. म्हणजे यादी तयार आहे साहेब, पण सत्कारासाठी असं कोणी — हो. शून्य. नाही साहेब, मस्करी नाही, शून्य. … पत्रकात आहे साहेब. शेवटच्या ओळीत. … हो. … हो, रविवारीच आहे वाचनतास, दहा वाजता. एकेचाळीस. … नऊ. नऊच, साहेब. … हो साहेब. … वर. हो. … खुर्च्यांना, हो, पुरतील. … पहिल्या रांगेत? … हो साहेब, फोटो चांगला येईल. … नाही साहेब, माझं काही म्हणणं नाही. हो. सांगतो त्यांना. हो साहेब.

शाई मुरली बघा. द्या तो फॉर्म, शिक्का मारतो.

चिडले? नाही, अजिबात नाही. हसले. म्हणाले, अहो एवढंच ना, मग ते खालचे एकेचाळीस वर पाठवा खुर्च्या लावायला, खालची खोली राहू द्या बंद. आणि ते नऊजण आहेत ना, त्यांनाही वर आणा, पहिल्या रांगेत बसवा, फोटो चांगला येईल. पत्रकातल्या ओळीबद्दल? म्हणाले, छापणाऱ्याची चूक असेल, मनावर घेऊ नका. मनावर घेऊ नका, असं मला. पंचवीस सेकंदांत मोडलं सगळं. मी सतरा महिने एक वाक्य पाठ करत होतो, ताई, रोज सकाळी दाढी करताना. 'साहेब, तुम्ही इतरमध्ये आहात.' एवढंच म्हणायचं आणि फोन ठेवायचा. आणि म्हणालो काय? तुमच्यासमोरच म्हणालो. तुम्ही तोंड फिरवलंत मागच्या बाकाकडे, काही ऐकलंच नाही असं दाखवायला जसं कोणी — राहू दे. चांगल्या घरातल्या दिसता.

काय विचारलंत?

तुम्ही पण ना, बरोब्बर तिथंच बोट ठेवता. हो. तेव्हाही, त्या बारा नावांच्या वेळीही 'हो साहेब'च. 'ऑफिसात ठरलं' म्हणालो मी मघाशी, पण ऑफिस म्हणजे काय, ही खुर्ची, हा टाइपरायटर आणि मी. साहेबांनी नावं नव्हती सांगितली. ते म्हणाले, बारा बसतील, कोणती ते तुम्हीच बघा, तुम्हाला सगळे माहीत आहेत. मी म्हटलं, हो साहेब. आणि मी बघितली. यादीत हिचं नाव पहिलं होतं — कामाच्या वर्षांप्रमाणे लावली होती ना, चौदा वर्षं कोणाचीच नव्हती. ते मी सगळ्यात आधी खोडलं. वाटलं, क्लार्कची बायको पहिली, लोक काय म्हणतील. वाटलं, आपलंच माणूस आहे, तिला काय, समजून घेईल. आभार मानून तिला परकं — बघा, त्यांचं वाक्य माझ्या तोंडात. खोडायला दुसरी रेघही लागली नाही. मग तिच्यापाठोपाठ बाकीचे एकाहत्तर खोडायला हात अडखळला नाही.

पाणी घेऊन बाहेर आलो ना त्या दिवशी, तेव्हा तिनं आणखी एक विचारलं होतं. 'हे टाइप कोणी केलं?' मी म्हटलं, काय माहीत, ऑफिसात झालं. आमच्या घरी एकतीस वर्षं माझ्या टाइपरायटरचे कागद येत होते, ताई. त्याचा 'व' थोडा खाली बसतो, ओळ सोडून. आंधळ्यालाही हाताला लागेल. ती बरं म्हणाली. त्या 'बरं'नंतर आम्ही त्यावर बोललो नाही.

काय करताय? खोडताय काय त्या रकान्यात? दाखवू नका, दिसतंय मला, उलटं असलं तरी. 'कोणताही' खोडलंत. 'वाचनतास.' आणि पुढे — 'बुधवार.' अहो पण बुधवारचा वाचनतास बंद — हं. हं. असा उपक्रम नाही, असं चालत नाही. हेच म्हणालो होतो मी तेव्हा. आणि आता खालचा रकाना कशाला उघडताय? तो कोणी भरत नाही म्हटलं ना. 'कोणामार्फत आलात.' तिचं — ? तिचं नाव काय, म्हणता?

द्या इकडे. पेन द्या. ते मी लिहितो.

आडनावासकट लिहितोय, जरा वेळ लागेल.

घ्या. बघू नका, वाळू द्या आधी. आणि ही तुमची पोच, शिक्का ठसठशीत उठलाय. रविवारी येऊ नका. ऐकलंत? रविवारी कोणीच येणार नाहीये. उपक्रमाच्या दिवसात बदल झाल्यास नोंदणी केलेल्यांना कळवणं हे खिडकीवरच्या माणसाचं काम आहे, नियम सात, माझाच. एकेचाळीस फोन करायचेत मला बाराच्या आत — रविवारचं बुधवारी गेलं, नऊ माणसांना एकावेळी एक पुरतो, पाळ्या लावून देईन. ते नऊजण बुधवारखेरीज कुठं जात नाहीत, त्यांना कळवायलाही नको. साहेबांना कोरी यादी बारा वाजता मिळेल, ठरल्याप्रमाणे. पाचशे पाहुणे उंबऱ्यात उभे असतील आणि साहेबांना पाचशे खुर्च्या स्वतःच्या हातानं मांडाव्या लागतील, मेव्हण्याला आणि जावयाला घेऊन. तिघं आहेत, पुष्कळ झाले. फोन करतील मला, करू देत. मी घरी असेन. स्वयंसेवकाला रजेचा अर्ज लागत नाही.

बुधवारी अकराला या. तुमच्या आधी मी वाचेन, थोडंसं, अर्धं पान. पोस्टमास्तर चुका काढतील, काढू देत.

आता उठा. स्टूल भिंतीला लावून ठेवा, आखूड पाय आत. खिडकी बंद करतोय.